जहाजाचं घड्याळ आणि सात नंबरची डबी

मी बू पार्तिनाहच्या टोपलीतली सात नंबरची डबी बोलतेय; बू म्हणजे आमच्याकडे बाई. साबणाच्या वडीएवढी आहे, रंगाने काळी, आणि एका कोपऱ्याला टवका उडालेला. माझ्या पोटात एक सिम कार्ड आणि एक बॅटरी. बटण दाबलं की आसपासच्या चार-पाच फोनांना मी इंटरनेट पुरवते. एवढंच माझं काम. पण ते मी सेमारांगच्या बंदरावर करते, आणि तेही जहाज लागलेल्या दिवशीच. त्यामुळे मी जे पाहिलं ते घरात टीव्हीमागे बसलेल्या कुठल्या डबीच्या नशिबी येणार नाही, असा माझा आपला समज आहे.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एका पट्ट्यावरून हजार बहिणी सरकत होत्या, त्यात मीही सरकले. माझा पहिला मालक सेमारांगचा एक कॉलेजकुमार. त्याने मला दोन वर्षं अभ्यासाच्या नावाखाली राबवलं, आणि त्यात अभ्यास किती होता ते मला विचारू नका. मग त्याच्या घरी वायफाय आलं आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. तिथे बिनकुलपाच्या किल्ल्या होत्या, बंद पडलेलं कॅलक्युलेटर होतं, आणि अंधार होता. अडगळीत पडलं की माणसाला कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं.

तिथून जुन्या बाजारात आले. एका चादरीवर मला मांडलं होतं, शेजारी इस्त्री आणि एकच सँडल. पार्तिनाह समोर उकिडवी बसली, मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "हिचा कोपरा फुटलाय."

"फुटला म्हणून काय झालं, बू? चालते की मुकाट्याने."

"मुकाट्याने चालली तर घेऊन काय करू? बोलकी हवी."

अशी मी तिच्याकडे आले.

ही पार्तिनाह पूर्वी बंदराच्या गेटाशी विंको विकायची. विंको म्हणजे नारळाची भाजलेली वडी, आमच्याकडची खासियत. जहाजातून उतरलेले पाहुणे तिच्या ताटाकडे बघून गोड हसायचे आणि विचारायचे, "वायफाय?" रोज तेच. शेवटी ती वैतागून आपल्या दिराला, टॅक्सी चालवणाऱ्या जुमादीला म्हणाली, "यांना नारळ नको, हवा पाहिजे. चल, हवाच विकू." तिने जुन्या बाजारातून आम्हा आठ जणींना जमवलं, प्रत्येकीवर नखाच्या लाल रंगाने आकडा काढला आणि विंकोच्या शेजारी टोपलीत बसवलं. दिवसाचं भाडं पन्नास हजार. आकडा ऐकून पाहुण्यांचे डोळे पांढरे व्हायचे. मग हे रुपिया आहेत आणि एवढ्यात जहाजावर घोटभर कॉफीसुद्धा मिळत नाही, हे लक्षात आलं की हसू यायचं.

जहाजावर इंटरनेट मिळतं, पण त्याचे दर असे की चांगली खातीपिती माणसं चार-चार दिवस फोनचा उपास करतात. त्यामुळे जमिनीला पाय लागले की त्यांची घाई बघण्यासारखी असते. देऊळ नको, बाजार नको, आधी मी. माझ्यातून काय जातं ते मी वाचत नाही, तो माझा स्वभाव नाही. पण वजन मला कळतं. जेवणाच्या ताटांचे फोटो जड असतात, सूर्यास्ताचे त्याहून जड. 'पोचले, बरी आहे' हे शब्द अगदी हलके. पण पहिल्यांदा जातात ते तेच. मला माणसं आवडतात ती यासाठी.

सगळं झकास चाललं होतं. घोळ झाला तो घड्याळाचा.

जहाजं येतात सिंगापूरहून आणि सिंगापूरचंच घड्याळ पाळतात. आमचं जावा बेट त्यांच्या एक तास मागे. जहाज म्हणतं, चारला आत या, तेव्हा आमच्याकडे तीन वाजलेले असतात. पाहुणा जहाजावर असेपर्यंत त्याचा फोनही जहाजाबरोबर चालतो. पण खाली उतरून मला जोडला रे जोडला की फोन चौकशी करतो, आपण कुठे आहोत, आणि उत्तर मिळालं की गुपचूप तासभर मागे सरकतो. मी खोटं बोलत नाही, फोनही बोलत नाही. पण माणूस त्याच्याकडे बघतो आणि त्याला वाटतं, अजून तासभर आहे.

मागच्या मोसमात आमच्याच गिऱ्हाइकांतले एक नवरा-बायको असे फिरत राहिले आणि शिडी वर घेता घेता धापा टाकत पोचले. जहाजाचे अधिकारी एजंटवर ओरडले. एजंट म्हणजे पाक विनार्नो, जहाजाची इथली सगळी व्यवस्था बघणारा माणूस; पाक म्हणजे साहेब. तो वाईट नाही, पण त्याचा शर्ट नेहमी घामाने भिजलेला असतो. तो तडक पार्तिनाहकडे आला.

"बू, तुमच्या डब्या लोकांची घड्याळं फिरवतात. मला वर उत्तर द्यावं लागतं. पुढच्या जहाजाला एक जरी माणूस उशिरा आला ना, तर ही टोपली गेटाच्या बाहेर. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

गेटाबाहेर म्हणजे ट्रकच्या रस्त्यावर. तिथे पाहुणे गाडीच्या काचा वर करून जातात. तिथे टोपली गेली म्हणजे धंदा बुडाला, आणि आम्ही पुन्हा चादरीवर.

जुमादी म्हणाला, "बघ यू, अख्खं जावा रबरी घड्याळावर चालतंय, हवं तसं ताणतंय, आणि उशिराचं खापर फोडायचं तर तुझ्या डब्यांवर!" यू म्हणजे ताई.

"तू तर बोलूच नकोस. तुझ्या लग्नात तू स्वतः दोन तास उशिरा आला होतास."

"पण आलो ना?"

पार्तिनाहने एक मोठ्या तबकडीचं मनगटी घड्याळ घेतलं आणि जहाजाच्या वेळेवर लावलं. आता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नाकासमोर ते धरून ती बोटाने टकटक वाजवायची. "जहाज! चार! आत!" लोक माना डोलवायचे. पुढचं जहाज जानेवारीत लागलं, आणि त्या दिवशी माझ्या वाट्याला योहाना आली.

योहाना डच होती, ऐंशीची, एकटी, उन्हाची टोपी आणि हातात घडीचं स्टूल. आमच्याकडे अशा गोऱ्या आज्यांना ओमा म्हणतात. दोघींचंही इंग्रजी तुटकंच, पण काम भागत होतं.

पार्तिनाहने घड्याळ वाजवलं. "ओमा, जहाज! चार! आत!"

"हो हो, चार. माहीत आहे. तीनला मला बहिणीला फोन लावायचाय. तो झाला की तुमचा हा गृहस्थ मला परत सोडेल."

तीन हे चारच्या आधीच वाजतात, तेव्हा पार्तिनाहने मान डोलवली. योहानानेही डोलवली. एकीचे चार जहाजाचे होते, दुसरीचे तीन जावाचे, आणि दोघींनाही त्यात खोट दिसली नाही. जुमादीने गाडीचं दार उघडलं आणि मी योहानाच्या पिशवीतून निघाले.

आम्ही गेलो कालिबांतेंगला. तिथे डचांचं दफनस्थान आहे, हिरव्यागार गवतात ओळीने पांढरे क्रूस. युद्धात जपान्यांनी डच बायका-मुलांना इथल्या छावण्यांत कोंडलं होतं, त्यांतल्या कित्येक जणी तिथे आहेत. योहानाला ओळ सापडली, क्रूस सापडला. तिने स्टूल मांडलं आणि आईसमोर बसली. जुमादी छत्री धरून उभा राहिला.

"मी वर्षाची होते," ती त्याला म्हणाली. "मला काहीच आठवत नाही. जे आहे ते सगळं कोरीकडे, माझ्या बहिणीकडे. ती सहा वर्षांची होती. आई, कोरी तिला मामी म्हणायची, ती आपल्या वाटचा भात आम्हाला द्यायची आणि म्हणायची, मी जेवले. रोज म्हणायची. शेवटी उठेना झाली."

जुमादीने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"कोरी आता वृद्धाश्रमात आहे. महिनोन्महिने बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, हा हिवाळा निघाला तर खूप झालं. तिला कधीच इथे येता आलं नाही. मी वचन दिलंय, आईची जागा दाखवीन म्हणून. तिकडे नऊ वाजले की नर्स येते, तिला खुर्चीत बसवते आणि फोन समोर धरते. तिकडचे नऊ म्हणजे इथले तीन. म्हणून थांबलेय."

तिने बॅटरी वाचवायला फोन पिशवीत ठेवला. पिशवीत तो थरथरत होता. पार्तिनाहचे निरोपांवर निरोप येत होते. मी ते एकेक करून पोचवत होते, पण उघडणार कोण? जुमादीचा फोन तर गाडीतच पडला होता. पोचवणं माझ्या हातात आहे, वाचायला लावणं नाही.

बऱ्याच वेळाने फटफटीचा आवाज आला. भाड्याच्या मोटारसायकलवरून पार्तिनाह उतरली, हेल्मेट डोक्यावर तसंच, आणि गवतातून पळत आली.

"ओमा! किती वाजले?"

योहानाने फोन काढला. "दोन."

"जहाजावर तीन!" तिने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "तुमचा तीनचा फोन म्हणजे जहाजाचे चार! मी भात खायला बसले आणि घास तोंडातच राहिला. रस्त्यावर भरतीचं पाणी चढलंय. अर्ध्या तासात निघालं नाही तर जहाज गेलं."

योहाना फोनकडे बघत राहिली, मग घड्याळाकडे, मग क्रूसकडे. मग ती स्टुलावर आणखी घट्ट बसली, पाय रोवून.

"मग जाऊ दे जहाज. मी विमानाने जाईन. कोरीला पुढचा महिना दिसेल की नाही, ठाऊक नाही. मी काही पुन्हा येणार नाही इथे."

जुमादी जावाई भाषेत हळूच म्हणाला, "यू, टोपली..."

"तोंड मीट."

"अगं, तो विनार्नो..."

"मीट म्हटलं ना! आई आहे ती तिची."

टोपलीबद्दल ती ओमाला एक अक्षर बोलली नाही. मला तिचा अभिमान वाटला, सरळ सांगते.

मग ती योहानासमोर गवतात बसली. "फोन तीनलाच का? आत्ता का नाही?"

"आत्ता तिकडे आठ वाजलेत. रात्रपाळीची एकटी बाई आहे सगळ्या मजल्याला. तिला मी विचारलं होतं, ती म्हणाली, नऊच्या आधी कुणाला उठवायचं नाही. नियम." योहानाने टोपी सारखी केली. "सुरिनामची आहे ती. तिचे पूर्वज इकडचेच म्हणे, डचांनी तिकडच्या उसाच्या मळ्यांवर नेलेले. सामिनेम नाव तिचं."

पार्तिनाहने हात पुढे केला. "द्या फोन."

योहानाने नंबर लावून दिला आणि मी सगळा जीव एकवटला. पलीकडे घंटी वाजली. कुणीतरी डचमध्ये तुटक काहीतरी म्हणालं. पार्तिनाहने श्वास घेतला आणि सरळ जावाई सुरू केलं.

"सामिनेम का गं? मी पार्तिनाह. सेमारांगहून बोलतेय."

पलीकडून आवाज आला, तीच भाषा, पण शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यातली.

"कोन म्हनलीस? सेमारांग? जावातलं सेमारांग?"

"दुसरं कुठलं असतंय? अगं, तू तर माझ्या आजीसारखी बोलतेस!"

"माजी पनजी सेमारांगच्या बंदरातनंच जहाजात चढली व्हती, बाय. परत आलीच न्हाई. काय काम काढलंस?"

"त्याच बंदरातून आज एक म्हातारी जहाज चुकवायला निघालीय. आईच्या कबरीपाशी बसलीय आणि हलत नाही. तिच्या बहिणीला तेवढं दाखवायचंय. तुझ्या मजल्यावर आहे ती, कोरी. उठवतेस का?"

"नियम हाय गं."

"माहीत आहे."

"थांब. उठवते म्हातारीला. नऊ वाजायची वाट कोन बघतंय."

थोड्या वेळाने पडद्यावर कोरी आली. पांढरे विस्कटलेले केस, उशीचा वळ गालावर. योहाना डचमध्ये बोलत होती, क्रूसवरून फोन फिरवत होती, आईचं नाव बोटाने दाखवत होती. कोरी बघत होती. बोलली नाही. योहानाचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

मग कोरीची नजर बहिणीमागे उभ्या असलेल्या पार्तिनाहवर गेली. तिचा सावळा चेहरा, कपाळावर घाम, डोक्यावर हेल्मेट. कोरी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. आणि तिने तोंड उघडलं. डच नव्हतं ते. सहा वर्षांच्या पोरीने स्वयंपाकघरात दाईकडून उचललेली जावाई भाषा होती, बोबडी, पण स्पष्ट.

"मामी जेवली का?"

योहानाला कळलं नाही. "काय म्हणाली? ती बोलली! काय म्हणाली?"

तिकडे सामिनेमला रडू फुटलं. जुमादीने कलत्या छत्रीखालून योहानाला अर्थ सांगितला. छावणीत रोज ऐकलेलं 'मी जेवले' त्या पोरीला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं, आणि आयुष्यभर विचारायला कुणी सापडलं नव्हतं.

पार्तिनाहने खांद्यावरच्या पिशवीतून विंको काढली. कागद सोडला, वडी मोडली आणि अर्धी क्रूसच्या पायाशी ठेवली. फोन जवळ नेला, नीट दिसेल असा.

"जेवली गं बाय," ती म्हणाली. "पोटभर जेवली. बघ, अजून वाढतेय."

कोरी बघत राहिली. मग तिने मान हलवली, एखादी गोष्ट एकदाची पटल्यासारखी, आणि खुर्चीच्या पाठीला टेकली. त्या दिवशी माझ्यातून फोटो गेले, नकाशे गेले, पण सगळ्यात जड गेला तो कोरीचा प्रश्न. आणि शब्द तर तीनच.

पार्तिनाहने उरलेली अर्धी वडी योहानाच्या हातात कोंबली आणि तिला दंडाला धरून उठवलं. "आता पळा, ओमा."

रबरी घड्याळाचा जुमादी त्या दिवशी गाडी अशी हाणत होता की मी पार्तिनाहच्या मांडीवर उड्या मारत होते. बंदराच्या रस्त्यावर भरतीचं पाणी चाकांच्या निम्म्यावर आलं होतं. फटफट्या ढकलत लोक बाजूने चालले होते. गाडी मध्येच गुरगुरली, जुमादी तिला आईवरून काहीतरी बोलला, आणि ती निघाली.

शिडीपाशी पाक विनार्नो उभा होता, शर्ट नेहमीपेक्षा ओला. शिडी अजून खाली होती. योहाना चढू लागली, मध्येच थांबली आणि वळून त्याला म्हणाली, "या बाई मला आणायला आल्या नसत्या, तर मी राहिले असते तिथेच. जहाज गेलं असतं तरी मला दुःख झालं नसतं. हे लक्षात ठेवा."

विनार्नोने घड्याळ पाहिलं. "वेळेत आहेत," तो म्हणाला, जरा नाइलाजानेच. शिडी वर गेल्यावर तो पार्तिनाहकडे वळला. "टोपली राहू दे, बू. पण दर वेळी प्रत्येकाला आणायला फटफटीवर जाणार आहात का तुम्ही?"

पार्तिनाह ओल्या चपला काढून टोपलीशेजारी बसली आणि मला हातात घेऊन घुमवत राहिली. माणूस फोनमध्ये इंटरनेट शोधतो तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसतं ते माझं नाव. आणि माझं नाव काय होतं? कारखान्याने चिकटवलेली अक्षरं आणि आकडे, कुणीही न वाचणारे. पार्तिनाह एकदम ताठ बसली. जुमादीकडून कसं बदलायचं ते विचारलं, त्याला ते येत नव्हतं, मग दोघांनी भांडत भांडत शोधून काढलं.

आता माझं नाव आहे: 'जेवलात का? जहाज एक तास पुढे आहे.'

बाकीच्या सात जणींचंही तेच आहे. पाहुण्यांना गंमत वाटते, ते नावाचा फोटो काढून घरी पाठवतात, आणि त्या दिवसापासून आमचं एकही गिऱ्हाईक उशिरा आलेलं नाही. पाक विनार्नो मला टोपलीतून उचलतो, वाचतो आणि जाताना एक विंको घेऊन जातो. पैसे देतो, नाइलाजानेच.

सामिनेम कधीकधी फोन करते. ती इकडे यायचं म्हणतेय, पणजी जिथून चढली तो धक्का बघायला, आणि जमलं तर जहाजानेच. कोरीने तो हिवाळा काढला. ती आता रोज सकाळी सामिनेमला जावाईत विचारते, जेवलीस का, आणि उत्तर मिळाल्यावरच स्वतः घास घेते.

माझं म्हणाल तर वय झालंय. बॅटरी दुपारनंतर दम धरत नाही. जुमादी म्हणतो, हिला टाकून दे. पार्तिनाह म्हणते, तुला टाकेन आधी, आणि मला रबरबँडने दुसऱ्या बॅटरीला बांधून देते. तशी मी अजून फिरते, देवळांत, बाजारात, पांढऱ्या क्रूसच्या ओळींतही.

तेव्हा कधी आमच्या बंदरावर उतरलात आणि फोनमध्ये माझं नाव दिसलं, तर घाईत पुढे जाऊ नका. घड्याळाचं ऐका आणि वेळेत परत जा, तुमची वाट बघणारं कुणीतरी असेल. पण आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्या, आणि खरं द्या. जेवला नसाल, तर जेवलो म्हणू नका.